वत्सगुल्माची मध्यरेषा आणि गणिताचे उन्हाळी वर्ग

सातव्या शतकातील गणिती भास्कर (पहिला) याने ‘महाभास्करीय’ ग्रंथात मध्यरेषेवरील, म्हणजे ठिकाणांमधील वेळेचे अंतर जिथून मोजले जाई त्या रेषेवरील, स्थानांत वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशिम, गणले. आधुनिक काळात गणितशिक्षकांसाठी उन्हाळी अभ्यासवर्ग भारतात 1963 मध्ये सुरू झाले, तेव्हा वाशिम अकोला जिल्ह्यात होते. 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर सेवांतर्गत प्रशिक्षण, म्हणजे नोकरीत असताना घ्यावयाचे शिक्षण, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांकडे आले आणि 1 जुलै 1998 रोजी वाशिम स्वतंत्र जिल्हा झाला. 20 मेच्या सुमारास येथे मध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते. सावलीवरून अक्षांश मोजण्याचा हा धडा सुट्टीतील प्रत्येक वर्गात शिक्षकांनी अंगणात उभे राहून स्वतः गिरवावा.