उतारू आणि पैलतीर : मुंबई–रेवस–मांडवा जलमार्गावरील दोन नौका

‘उतारू’ हा मराठी शब्द आज रेल्वेच्या वा मोटारीच्या प्रवाशालाही लावला जातो. पण त्याचे मूळ पाण्याशी निगडित आहे. संस्कृतातील ‘उत्–तॄ’ म्हणजे पाणी ओलांडून वर येणे. ज्या ठिकाणी नदी पायी ओलांडता येते त्याला ‘उतार’ म्हणतात. पैनगंगेचा उगम आणि पूर्णेचे खोरे ज्या बुलढाणा जिल्ह्यात आहे, तेथील वाचकास हा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. यावरून पाहता उतारू म्हणजे केवळ नावेत बसलेला मनुष्य नव्हे, तर पैलतीरी उतरावयाचा मनुष्य होय. प्रवासी नौकेचा सेवेतिहास लिहिताना हा अर्थ दृष्टीआड होता कामा नये. बांधणीचे वर्ष, वजन आणि वेग एवढ्याने तो इतिहास पुरा होत नाही. नौका कोणत्या धक्क्यावरून, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या नियमाखाली चालली, हे पाहिल्यावाचून तिच्या यशापयशाची कारणे कळत नाहीत. मुंबई बंदराच्या मुखावरील एकाच जलमार्गाच्या दोन नौका या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

मुंबई आणि अलिबाग यांच्यामधील समुद्र अवघा काही मैलांचा. खुष्कीचा मार्ग मात्र खाडीला वळसा घालून जाणारा, सुमारे शंभर किलोमीटरांचा. त्यामुळे चाकरमाने, भाजी-मासळीचे व्यापारी आणि सणासाठी गावी निघालेली कुटुंबे यांची भिस्त पाण्यावरच होती. मुंबईच्या बाजूस ‘भाऊ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य यांनी एकोणिसाव्या शतकात धक्का बांधला. पुढे जागा बदलली तरी ‘भाऊचा धक्का’ हे नाव टिकून राहिले. शिडाच्या पडावांच्या जोडीला वाफेच्या नौका आल्या, तेव्हा ‘आगगाडी’च्या धर्तीवर ‘आगबोट’ हा शब्द रूढ झाला. परकी मालकीच्या कंपन्यांना तोंड देण्यासाठी स्वदेशीच्या प्रेरणेतून जी सहकारी कंपनी उभी राहिली, तिला लोक ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. त्या नावातील ‘माझी’ या शब्दात आणि ‘तुकाराम’, ‘रामदास’ या नौकांच्या नावांत उतारूंचा केवढा विश्वास सामावला होता, हे सांगावयास नको. या विश्वासाला पहिला तडा 11 नोव्हेंबर 1927 रोजी गेला. ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी त्या एकाच दिवशी बुडाल्या.

‘रामदास’ ही 1936 मध्ये इंग्लंडातील स्वान हंटर कारखान्यात बांधली गेली. तिचे वजन सुमारे 400 टन आणि लांबी 179 फूट होती. म्हणजे 1947 साली ती जुनाट म्हणता येईल अशी नौका नव्हती. 17 जुलै 1947 रोजी, गटारी अमावास्येच्या सुमारास, ती सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. नौकेवर सातशेंच्या आसपास माणसे होती. बंदराबाहेर वादळी वारा आणि पाऊस यांनी तिला गाठले. काशाच्या खडकाजवळ ती कलली आणि थोड्याच वेळात उलटली. सहाशेंहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जे वाचले त्यांपैकी पुष्कळांना रेवसहून मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांच्या होड्यांनी वाचविले. नौकेवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. त्यामुळे अपघात सकाळी, बंदरापासून काही मैलांवर घडूनही, जिवंत राहिलेले लोक किनाऱ्याला लागेपर्यंत मुंबईला त्याचा पत्ता नव्हता. पुढे प्रवासी नौकांवर बिनतारी यंत्रणा सक्तीची झाली आणि ऐन पावसाळ्यात ही वाहतूक बंद ठेवण्याचे धोरण आले.

हा बंदीचा उपाय सुरक्षिततेच्या दृष्टीने आवश्यक होता यात शंका नाही. तथापि त्यामुळे पावसाळ्यात पैलतीरच्या लोकांचा जवळचा मार्ग तुटला. ही उणीव भरून काढण्यासाठी केवळ मोठी नौका आणून भागणारे नव्हते. मांडव्याच्या उघड्या किनाऱ्यावर लाटा अडविणारा बांध आणि वाहने चढविण्याजोगा धक्का हवा होता. महाराष्ट्र सागरी मंडळाने मांडव्यास ही बांधकामे केली आणि मुंबईकडील बाजू पोर्ट ट्रस्टने तयार केली. मगच 2019 मध्ये ग्रीसमध्ये बांधलेली ‘एमटूएम–1’ ही नौका फेब्रुवारी 2020 मध्ये मुंबईत दाखल झाली. पाचशे उतारू आणि शंभराहून अधिक मोटारी एका वेळी नेणारी ही रो-रो सेवा 15 मार्च 2020 रोजी सुरू झाली, महामारीमुळे काही दिवसांतच थांबली आणि गणेशोत्सवाच्या तोंडावर, 20 ऑगस्ट रोजी, पुन्हा सुरू झाली. लहान प्रवासी लाँचा पावसाळ्यात बंद असताना हवामान अनुकूल असेल तेव्हा ही नौका चालते. हवामान बिघडले की तिच्याही फेऱ्या रद्द होतात, आणि हाच तिच्या सेवेचा सर्वांत मोठा गुण मानावयास हवा.

दोन्ही नौकांची तुलना करता असे दिसते की, ‘रामदास’चा दोष केवळ तिच्या लाकडालोखंडात नव्हता आणि ‘एमटूएम–1’चे यशही केवळ तिच्या यंत्रात नाही. एकीच्या पाठीशी संदेशयंत्र नव्हते आणि पावसाळी फेरी रोखणारा नियम नव्हता. दुसरीच्या पाठीशी बांध, धक्का आणि फेरी रद्द करण्याचा अधिकार ही तिन्ही आहेत. मात्र नव्या सेवेत मोटारीला जागा मिळाली म्हणून मोटार नसलेल्या, टोपली घेऊन चढणाऱ्या उतारूचे स्थान गौण ठरता कामा नये. 1947 मध्ये बुडाले ते बहुतांशी असेच लोक होते, आणि बुडणाऱ्यांना हात देणारेही याच किनाऱ्यावरचे कोळी होते. या जलमार्गाचा पुढील इतिहास लिहिणाऱ्याने नौकेने किती वाहने नेली हे अवश्य नोंदवावे. परंतु तिचे अंतिम मोल किती उतारू सुखरूप उतरले यावरच ठरवावे लागेल.