दोष गाडीचा, की गाड्यांचा?

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी विचारलं, तत्त्वज्ञानाचे मास्तर आणि जुना पिकअप टेम्पो, यांचा संबंध काय? संबंध आहे. ज्या प्रश्नावर आम्ही आयुष्यभर फळे भरवले, तो प्रश्न इथं उद्यमनगरातल्या गॅरेजात रोज उभा असतो. एखाद्या वस्तूत दोष दिसला, तर तो त्या एका वस्तूचा मानायचा, की त्या प्रकारच्या सगळ्याच वस्तूंचा? न्यायशास्त्रात यासाठी व्यक्ती आणि जाती असे शब्द आहेत. जाती म्हणजे इथं सामान्य, सगळ्या गायींमधलं गोत्व. दाखल्यावरची जात नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर चर्चा भलतीकडे जायची. कंपनीनं विकलेली गाडी दोषासाठी परत बोलावणं, ज्याला आता सगळे रिकॉल म्हणतात, त्याचा इतिहास हा खरं तर व्यक्तिदोषाला जातिदोष म्हणायला भाग पाडण्याचा इतिहास आहे. आणि आपल्याकडे तो फार उशिरा सुरू झाला.

'टेम्पो' हा शब्दच बघा. हे जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या गाडीचं नाव. त्यांच्या तीनचाकी गाड्या आपल्याकडे बजाज टेम्पो या कंपनीनं बनवायला घेतल्या. नवलमल फिरोदियांनी 1958 साली उभी केलेली ही कंपनी, आजची फोर्स मोटर्स. पुढे मॅटाडोर आली. 1986 मध्ये टाटांची 407 आली, 2005 मध्ये एस आली, जिला लोकांनी लगेच छोटा हत्ती करून टाकलं. महिंद्राचे पिकअप तर आज प्रत्येक गावात आहेत. पण आपण सगळ्यांना म्हणतो टेम्पोच. एका कंपनीचं विशेषनाम मराठीत सामान्यनाम झालं. म्हणजे नावाच्या बाबतीत आपण व्यक्तीकडून जातीकडे सहज गेलो. दोषाच्या बाबतीत मात्र गेलो नाही.

आता दोष म्हणजे नेमकं काय, ते पाहू. कोल्हापूरचा टेम्पो काय ओढतो? गूळ, भाजी, दुधाचे कॅन, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतलं कास्टिंग. आणि जातो कुठं? बऱ्याचदा खाली कोकणात. म्हणजे करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबा यांपैकी एक घाट आलाच. गाडी दहा-बारा वर्षांची झाली की तिची दुखणी ठरलेली असतात. कमान पाटे मोडतात. किंगपिन झिजून स्टिअरिंगला प्ले येतो. मासळीच्या गाडीला मिठाच्या पाण्यानं चॅसीपर्यंत गंज चढतो. वायरिंग घासून शॉर्ट होतं. आणि ब्रेक.

ब्रेकवर थोडं थांबायला हवं. उतारावर गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून सारखा ब्रेक दाबला की ड्रम तापतो, लायनरची पकड कमी होते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. जुनं ऑइल त्यामुळे लवकर उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल सरळ खाली जातं. हा झाला सर्वसाधारण भाग. दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. काही गाड्यांत मागच्या ब्रेकसाठी लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. हौदा आणि अ‍ॅक्सल यांच्यातलं अंतर किती, यावरून तो ओझं ओळखतो आणि त्या मानानं मागच्या चाकांना दाब सोडतो. मालक करतो काय, तर जास्त माल बसावा म्हणून एक पाटा वाढवतो आणि वर फाळके उंच करतो. आता माल भरला तरी गाडी बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं, गाडी रिकामी आहे. ब्रेक जिथं सगळ्यात जास्त हवा, तिथं तो सगळ्यात कमी मिळतो.

इथं कोणी म्हणेल, मग चूक मालकाचीच की! अंशतः खरं आहे, आम्ही नाकारत नाही. पण आमचा प्रश्न वेगळा आहे. मालकाची चूक, चालकाची चूक आणि रचनेतला दोष हे तिन्ही एका अपघातात एकत्र असू शकतात. आपली भाषा मात्र त्यांतलं एकच उचलते. वर्तमानपत्र उघडा: 'चालकाचा ताबा सुटल्याने टेम्पो उलटला.' पोलिसांची फिर्याद वाचा: 'हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात वाहन चालवून'. ही वाक्यं इतकी ठरीव झालीत, की ताबा का सुटला हा प्रश्न त्यांच्या आत शिरूच शकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या 136 व्या कलमान्वये अपघातग्रस्त गाडीची तपासणी होते. मोटार वाहन निरीक्षक ब्रेक कसे होते ते लिहून देतो. पण तो कागद त्या एका खटल्याचा. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचा कागद दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या फायलीत.

मग जातिदोष कोणाला कळतो? मेस्त्रीला. जुन्या मेस्त्रीला विचारा, तो काय म्हणतो? "ह्या मॉडेलला हे असंच हाय, साहेब. इतकं पळालं की जातंयच." मंडळी, हे वाक्य साधं नाही. वेगवेगळे मालक, वेगवेगळे चालक, वेगवेगळा माल, आणि तरी तोच भाग तेवढ्याच किलोमीटरला जातो, एवढं निरीक्षण त्याच्यामागे आहे. याला आम्ही वर्गात अन्वय-व्यतिरेक म्हणायचो आणि पोरं जांभया द्यायची. स्पेअर पार्टच्या दुकानदारालाही हे माहीत असतं. जो भाग सारखा खपतो तो त्यानं आत ठेवलेला नसतो, हाताशी ठेवलेला असतो. ज्ञान गावात आहे. पण ते तोंडी आहे, आणि त्याचा शेवट दरवेळी एकाच गोष्टीत होतो: गाडी दुरुस्त होते. दुरुस्ती जितकी हुशारीची, तितका दोष दिसेनासा होतो. दुरुस्तीच्या कलेचं कौतुक आम्ही कमी करत नाही, त्यावर हे गाव जगलंय. पण त्या कलेची ही दुसरी बाजू आहे.

अमेरिकेतही पूर्वी असंच होतं. गाडीतला खरा ढिला नट म्हणजे स्टिअरिंगमागचा माणूस, असा विनोद तिकडे प्रचलित होता. आपल्या 'ताबा सुटल्याने'चाच हा भाऊ. 1965 साली राल्फ नेडर या तरुण वकिलाचं पुस्तक आलं आणि गाडीच्या रचनेकडे बोट दाखवलं गेलं. जनरल मोटर्सनं त्याच्यामागे खाजगी गुप्तहेर लावले, ते उघड झालं आणि 1966 मध्ये सिनेटच्या समितीसमोर कंपनीच्या अध्यक्षांना माफी मागावी लागली. त्याच वर्षी वाहनसुरक्षेचा कायदा झाला. दोष असेल तर मालकाला कळवायचं बंधन आलं. दुरुस्ती फुकट करून द्यायचं बंधन 1974 च्या दुरुस्तीनं आलं.

फोर्ड पिंटोची गोष्ट नीतिशास्त्राच्या प्रत्येक वर्गात सांगतात, ती आज सोडून देऊ. आपल्या विषयाला जवळची आहे ती पिकअपची. 1973 ते 1987 या काळात जनरल मोटर्सच्या मोठ्या पिकअपना डिझाइनरांनी इंधनाच्या टाक्या चॅसीच्या बाहेरच्या अंगाला, कडेला बसवल्या. जास्त इंधन मावावं म्हणून. कडेनं धडक बसली की टाकी मध्ये सापडायची. पुढच्या मॉडेलमध्ये कंपनीनं टाकी चॅसीच्या आत घेतली, पण रस्त्यावर असलेल्या गाड्यांचं काय? 1993 मध्ये सरकारी यंत्रणेनं सुमारे 47 लाख गाड्या स्वेच्छेनं परत बोलवा असं सांगितलं. कंपनी नाही म्हणाली. तिचं म्हणणं होतं, ही गाडी त्या त्या वेळच्या सरकारी मानकात बसत होती. मध्येच एका मोठ्या दूरचित्रवाहिनीनं धडकेचं प्रात्यक्षिक दाखवताना गाडीला आग लागावी म्हणून गुपचूप पेटवणारी साधनं लावली होती, हे बाहेर आलं. वाहिनीला माफी मागावी लागली आणि खऱ्या तक्रारीचंही वजन गेलं. सत्यासाठी खोटा पुरावा वापरला की काय होतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण आम्हाला दुसरं सापडलेलं नाही. ऑक्टोबर 1994 मध्ये वाहतूकमंत्री फेडेरिको पेन्या यांनी दोष असल्याचा प्राथमिक निर्णय दिला, आणि डिसेंबरमध्ये तडजोड झाली. कंपनीनं सुरक्षेच्या कार्यक्रमांसाठी सुमारे 5 कोटी 10 लाख डॉलर द्यायचे, रिकॉल नाही. त्या गाड्या तशाच फिरत राहिल्या.

'मानकात बसते म्हणजे निर्दोष' हा युक्तिवाद लक्षात ठेवा. मानक ही किमान अट असते. परीक्षेत पास झालेल्या पोराला सगळं येतं, असं कुठला मास्तर म्हणेल?

आता परत कोल्हापुरात येऊ, कारण एक गंमत, खरं तर विसंगती, इथंच नीट दिसते. आपल्या फौंड्र्या मोठमोठ्या वाहन कंपन्यांना कास्टिंग पुरवतात. तिथं प्रत्येक वितळणीला हीट नंबर असतो. उद्या एका भागात ब्लो होल सापडलं, तर कंपनी काय म्हणते? हा एक तुकडा वाईट निघाला, असं नाही म्हणत. ती म्हणते, हा लॉट थांबवा, ही हीट कुठं कुठं गेली ते शोधा, सगळा माल तपासा, खर्च तुमचा. म्हणजे एका व्यक्तीवरून जातीचं अनुमान ताबडतोब, आणि तेही पुरवठादाराच्या खिशातून. कारखानदार कुरकुरतात, पण तत्त्व बरोबर आहे हे त्यांनाही मान्य असतं. मग तोच भाग गाडीत बसतो, ती गाडी करवीर तालुक्यातला एखादा भाजीवाला कर्ज काढून घेतो, आणि त्याच्याकडे तोच भाग मोडला की त्याला उत्तर मिळतं: तुम्ही ओव्हरलोड केलं असणार. मोठा खरेदीदार असेल तर दोष लॉटचा, छोटा असेल तर दोष त्याच्या नशिबाचा. तर्क तोच, फक्त खरेदीदाराचं वजन बदललं.

कायदा काय करत होता? 1939 चा मोटार वाहन कायदा, त्यानंतरचा 1988 चा. मुळात दोन्हींत रिकॉल नव्हता. ज्याला लढायचं त्यानं ग्राहक म्हणून लढावं. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात 1974 साली ग्राहक पंचायत सुरू केली, 1986 मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. पण त्या कायद्यात व्यापारी हेतूनं वस्तू घेणारा ग्राहक नव्हे, अशी अट होती. मग टेम्पोवाला कोण? 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं: जो स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा किंवा ट्रक घेतो, तो ग्राहकच. आमच्या मते छोट्या वाहनमालकाच्या दृष्टीनं हा फार मोलाचा निकाल आहे आणि त्याची माहिती फार थोड्यांना आहे. तरीही, ग्राहक आयोगात जिंकलात तर तुमची गाडी बदलेल किंवा पैसे मिळतील. तसल्या इतर गाड्यांना त्याचा पत्ता लागत नाही. पुन्हा व्यक्तीच.

2010 मध्ये नॅनोला आगी लागण्याचे प्रकार घडल्यावर कंपनीनं जादा संरक्षक भाग फुकट बसवून दिले, पण हा रिकॉल नव्हे असं आवर्जून सांगितलं. शब्दाची इतकी धास्ती! 2012 मध्ये वाहन उत्पादकांच्या संघटनेनं, सियामनं, स्वेच्छेची आचारसंहिता आणली. 2013 मध्ये जनरल मोटर्सला भारतात 1 लाख 14 हजार टॅव्हेरा परत बोलवाव्या लागल्या. शेवटी 2019 च्या दुरुस्तीनं 110 अ हे कलम आलं. त्याची भाषा पाहा: 'विशिष्ट प्रकारच्या' मोटार वाहनातला दोष, जो पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना अपाय करू शकेल. कायद्याच्या पुस्तकात जाती हा विचार आला तो असा. सक्तीच्या रिकॉलचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. त्याच वर्षी महिंद्रानं जानेवारी 2020 ते फेब्रुवारी 2021 मध्ये बनलेले 29,878 पिकअप तपासणीसाठी बोलावले; एका द्रवपदार्थाच्या पाइपाची जोडणी नीट आवळली नसल्याचा संशय होता. हे कंपनीनं आपणहून केलं, आणि चांगलं केलं.

पण या नियमांत एक आकडा आहे: 7 वर्षं. सक्तीचा रिकॉल सात वर्षांपर्यंतच्या गाडीला. आणि दुसरा आकडा आपल्या आरटीओतल्या पासिंगचा: माल वाहणाऱ्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांतून एकदा फिटनेस, आठ वर्षांनंतर दरवर्षी. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा. सातव्या वर्षी कंपनीची जबाबदारी संपते, आठव्या वर्षी मालकाची दुप्पट होते. गंज किंवा धातूचा थकवा असे दोष तर वय झाल्यावरच दिसायला लागतात. अमेरिकेत फुकट दुरुस्तीची मुदत आता 15 वर्षं आहे. आपल्याकडे टेम्पो सात वर्षांत दुसऱ्या मालकाकडे आणि पुढे तिसऱ्याकडे गेलेला असतो, आणि हा तिसरा बहुधा त्या साखळीतला सगळ्यात गरीब.

त्याला कळणार तरी कसं? कंपनीचं पत्र जातं नोंदीतल्या पत्त्यावर. कैक गाड्या टीटी फॉर्मवर सही करून दिलेल्या, पण नाव बदलायचं राहून गेलेल्या असतात. पत्र पहिल्या मालकाच्या घरी येतं, तो म्हणतो गाडी विकून झाली चार वर्षं, आणि कागद रद्दीत. म्हणून ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांना एवढंच सांगतो: नाव आधी लावून घ्या, आणि आरसी बुकावरचा चॅसी नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा, या नंबरवर काही बाकी आहे का. तक्रार असेल तर परिवहन मंत्रालयाच्या पोर्टलवर नोंदवा. मेस्त्रीला सोबत बसवून नोंदवलीत तर आणखी चांगलं, कारण भागाचं नाव आणि किलोमीटर त्याला बिनचूक सांगता येतात.

वेळ संपत आली. आता प्रश्न घेऊ. मागे वडापवाल्या मंडळींपैकी कोणीतरी केव्हाचा हात वर करून बसलंय.