धावपट्टी दिसण्याआधी

हंटिंग्टन हे अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातलं ओहायो नदीकाठचं शहर. 1970 साली तिथली वस्ती सुमारे 74 हजार होती. मार्शल विद्यापीठ याच शहरात आहे आणि विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ म्हणजे साऱ्या गावाचा संघ. त्या वर्षी हा संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या आसपासही नव्हता. तरी सामना परगावी असला, तर डॉक्टर, नगरसेवक, आमदार अशी गावातली बडी मंडळी पदरचे पैसे खर्चून पोरांच्या पाठीशी उभी राहायला जायची. 14 नोव्हेंबर 1970, शनिवारचा हा घटनाक्रम.

दुपार : ग्रीनव्हिल, नॉर्थ कॅरोलिना

फिकलन स्टेडियमवर मार्शलची गाठ ईस्ट कॅरोलिनाशी आहे. संघाचे प्रशिक्षक रिक टॉली, क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, टेड शूब्रिज. जीन मोरहाऊस यांचं समालोचन रेडिओवरून हंटिंग्टनच्या घराघरांत पोचतंय. सामना अटीतटीचा होतो आणि मार्शल 14-17 असा हरतो. फरक फक्त तीन गुणांचा. चेंडू एकदा गोलखांबांमधून लाथाडला, म्हणजे एक फील्ड गोल झाला, की तीनच गुण मिळतात. मोसमातला हा सहावा पराभव. मैदानातून बाहेर पडणाऱ्या विशीतल्या पोरांच्या मनात त्या वेळी एवढंच दुःख आहे.

संध्याकाळ : किन्स्टनकडे

संघाला घेऊन जाणारं विमान जवळच्या किन्स्टनच्या विमानतळावर उभं आहे. मार्शलचा संघ एरवी विमानाने फारसा जात नाही, कारण बहुतेक सामने बसने गाठता येतील अशा अंतरावर असतात. या खेपेला सदर्न एअरवेजचं डीसी-9 खास भाड्याने घेतलंय. सहा आठवड्यांपूर्वीच, 2 ऑक्टोबरला, विचिटा स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचं विमान कोलोरॅडोच्या डोंगरांत कोसळून 31 जण गेले होते.

सहायक प्रशिक्षक रेड डॉसन गाडीनेच परतणार आहेत, कारण वाटेत नव्या खेळाडूंच्या शोधात त्यांना थांबायचंय. दुसरे सहायक गेल पार्कर येताना विमानाने आले होते. परतताना ते डॉसन यांच्या गाडीत बसतात आणि विमानातली जागा त्यांचे सहकारी डीक ब्रॅकेट घेतात. अशा अदलाबदली प्रत्येक प्रवासात होतात आणि घरी पोचेपर्यंत विसरल्याही जातात.

6.38 : उड्डाण

विमान किन्स्टन सोडतं. आत 37 खेळाडू आहेत, प्रशिक्षक वर्गातले आठ जण, गावातले 25 पाठीराखे आणि विमान कंपनीची पाच माणसं. एकूण 75. काही जोडपी एकत्र निघालीत, मुलांना घरी कुणाच्या तरी हवाली करून. प्रवास तासाभराचा.

7.23 : हंटिंग्टनशी पहिला संपर्क

ट्राय-स्टेट विमानतळाच्या नियंत्रण कक्षाशी बोलणं होतं. विमानाला 5,000 फुटांवर उतरायला सांगितलं जातं. खाली धुकं आहे, रिमझिम पाऊस आहे, ढग डोंगरमाथ्यांवर टेकलेत. हा विमानतळही टेकडीवरच आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे 828 फूट.

विमान अकरा क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरणार आहे. आपण धावपट्टीच्या रेषेत आहोत की नाही, हे वैमानिकाला इथल्या रेडिओ संकेतावरून कळतं. पण आपण योग्य उंचीवर आहोत का, हे सांगणारी ग्लाइड स्लोप यंत्रणा इथे नाही. उंचीचा हिशेब उंचीमापकावर आणि शिस्तीवर सोपवलेला. म्हणून नियम कडक आहे : धावपट्टी डोळ्यांना दिसत नाही तोवर 1,240 फुटांच्या खाली यायचं नाही. धावपट्टी आणि ही मर्यादा यांत 412 फुटांचं अंतर आहे. काळोखात, ढगात विमान वाचवायला तेवढीच जागा.

7.34 : आउटर मार्कर

धावपट्टीच्या अलीकडची शेवटची मोठी खूण ओलांडल्याचं वैमानिक कळवतात. उतरायला परवानगी मिळते. विमान नेहमीसारखं खाली येऊ लागतं. 1,240 फूट येतात. तिथे थांबायला हवं होतं. विमान थांबत नाही. धावपट्टी अजून दिसलेली नाही.

7.35 च्या सुमारास

धावपट्टीच्या पश्चिमेला 5,543 फुटांवर, म्हणजे जेमतेम पावणेदोन किलोमीटर अलीकडे, टेकडीवरच्या झाडांचे शेंडे विमानाला लागतात. विमान कोसळतं आणि पेट घेतं. 75 पैकी एकही वाचत नाही.

रात्र

डॉसन आणि पार्कर अजून रस्त्यात आहेत. बातमी त्यांना रेडिओवरून कळते. ज्या रेडिओवर दुपारी गावाने जीन मोरहाऊस यांचा आवाज ऐकला, त्याच्यावर आता तेही नसल्याची बातमी आहे. त्या रात्री 70 मुलांनी आई किंवा वडील गमावले. त्यांतली 18 दोघांनाही मुकली.

त्यानंतर

दुसऱ्या दिवशी रविवारी गाव फील्ड हाऊसमध्ये जमलं. सहा खेळाडूंची ओळख पटलीच नाही. विद्यापीठाकडे पाहणाऱ्या स्प्रिंग हिल दफनभूमीत त्यांना शेजारी शेजारी ठेवलं. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल 1972 साली आला : धावपट्टी न दिसता विमान ठरलेल्या उंचीखाली आलं. ते का आलं, हे मंडळालाही ठामपणे सांगता आलं नाही. उपकरणांवरचे आकडे चुकीचे वापरले गेले असतील किंवा उंची मोजणाऱ्या यंत्रणेतच दोष असेल, एवढंच.

घटनाक्रम लिहिताना वाटतं, सगळं जणू एका रेषेत घडत गेलं आणि कुठेतरी ती तोडता आली असती. विमानात बसलेल्यांसाठी मात्र ती एक साधी शनिवारची संध्याकाळ होती. आपण जे मिनिट मिनिट मोजतो, ते त्यांनी जगलं. म्हणूनच 412 फुटांचा तो नियम मला कागदी वाटत नाही. पंचाहत्तर माणसं आणि टेकडी यांच्यामध्ये तेवढंच उभं होतं.

हंटिंग्टनने मोजणी 7.35 वर थांबवली नाही. नवे प्रशिक्षक जॅक लेंगेल आले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही मुख्य संघातून खेळवण्याची मुभा मिळाली. 25 सप्टेंबर 1971 ला, घरच्या पहिल्याच सामन्यात, या कोवळ्या संघाने शेवटच्या चालीवर झेव्हियर विद्यापीठाला 15-13 असं हरवलं. विद्यापीठाच्या आवारात 1972 साली हॅरी बर्टोया यांनी घडवलेलं स्मृतिकारंजं उभं राहिलं. दर 14 नोव्हेंबरला त्याचं पाणी बंद करतात. ते पुन्हा वाहतं थेट वसंतात.

19 डिसेंबर 1992

महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या प्रथम विभागाच्या दुसऱ्या श्रेणीचा राष्ट्रीय अंतिम सामना हंटिंग्टनमध्येच होता. मार्शलने 28-0 अशी आघाडी घेतली आणि यंग्सटाउन स्टेटने ती सगळी पुसून 28-28 अशी बरोबरी केली. दहा सेकंद उरली असताना विली मेरिक यांनी 22 यार्डांवरून चेंडू गोलखांबांमधून पार केला. 31-28.

मार्शल राष्ट्रीय विजेता झाला. फरक तीन गुणांचा होता. बावीस वर्षांपूर्वी ग्रीनव्हिलमध्ये कमी पडले होते, तेवढेच.