पाच सेंटांची पट्टी

आमच्या गावी शिमगा जवळ आला की देवळात बैठक बसते आणि घरटी पट्टी ठरते. देणगी वेगळी आणि पट्टी वेगळी. देणगी मनात आलं तर द्यायची. पट्टी मात्र त्या गावचं म्हणवून घ्यायचं असेल तर मुंबईच्या चाकरमान्यालाही चुकत नाही. हा शब्द अमेरिकेत जाऊन आठवेल, असं मला वाटलं नव्हतं.

२०२४ च्या उन्हाळ्यात मी मुलीकडे होतो. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या पूर्व काठावर, एमरीव्हिल या लहानशा शहरात. बाजारात जायचा रस्ता शेलमाउंड स्ट्रीट. म्हणजे शिंपल्यांच्या टेकाडाचा रस्ता. टेकाड कुठंच दिसेना. दिसलं ते एक मोठं खरेदी-संकुल आणि त्याच्या कोपऱ्यात टेकाडाची छोटी प्रतिकृती.

उपसागराच्या या काठावर ओलोनी लोक हजारो वर्षं राहत होते. कालवं, तिसऱ्या खाऊन शिंपले टाकायचे आणि त्याच ढिगात आपली माणसंही पुरायची. एमरीव्हिलचं टेकाड साठ फुटांहून उंच होतं. नेल्स नेल्सन या पुरातत्त्वज्ञाने १९०९ मध्ये उपसागराभोवती अशी चारशेवर टेकाडं मोजली. एमरीव्हिलच्या टेकाडावर तर गोऱ्या लोकांनी नाचघर बांधलं होतं! १९२४ मध्ये ते सपाट केलं गेलं. त्या वेळच्या उत्खननात सातशेच्या आसपास दफनं सापडली. पुढे तिथं कारखाना आला, आणि २००२ च्या सुमारास हे खरेदी-संकुल.

आता गंमत पाहा. याच एमरीव्हिलने टेकाड पाडल्यावर दहाच वर्षांनी, शेजारच्या ओकलंड, बर्कली वगैरे सहा शहरांबरोबर, निसर्ग वाचवण्यासाठी स्वतःवर कर बसवून घेतला. गावामागच्या डोंगरातली हजारो एकर जमीन पाणीपुरवठा मंडळाकडे पडून होती. सिएरा पर्वतातून नळाने पाणी आलं, तेव्हा ती मंडळाला नकोशी झाली. बिल्डर टपलेले होतेच. त्यावर मतदान झालं ६ नोव्हेंबर १९३४ रोजी. काळ महामंदीचा, लोक भाकरीसाठी रांगा लावत होते. मालमत्तेच्या दर शंभर डॉलर मूल्यामागे पाच सेंट कर द्यायचा का, हा प्रश्न. शेकडा ७१ मतदारांनी 'द्यायचा' म्हटलं! त्या पैशांतून १९३६ मध्ये पहिली दोन हजारांवर एकर जमीन घेतली गेली. आज या 'ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट'कडे सव्वा लाख एकरांच्या आसपास जमीन आहे. खिसा रिकामा असताना जंगलासाठी पट्टी देणाऱ्या त्या माणसांपुढे मी मनापासून हात जोडतो.

पण त्या पट्टीच्या हिशेबात ओलोनी कुठंच नव्हते. आल्फ्रेड क्रोबरसारख्या मोठ्या मानववंशशास्त्रज्ञाने १९२५ मध्येच लिहून टाकलं होतं की व्यवहारापुरते हे लोक नामशेष झाले आहेत. वंशज तर होते. प्लेझंटनच्या बाजूला मळ्यांवर राबत होते. पुढे क्रोबरने ते विधान सौम्य केलं. पण पुस्तकात एकदा मेलेला माणूस कचेरीत जिवंत व्हायला फार वेळ लागतो, हे आपल्याकडच्या सातबाऱ्यावर नाव लावायला गेलेल्या कुणालाही सांगायला नको.

पुढे करासोबत देणग्याही आल्या. १९६९ मध्ये या उद्यानांसाठी स्वतंत्र प्रतिष्ठान निघालं. १९८८ मध्ये मतदारांनी साडेबावीस कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले, २००८ मध्ये पन्नास कोटींचे. प्राणी-पक्ष्यांचा त्यात फायदा झाला. हेवर्डच्या किनाऱ्यावर लहान सुरय नावाचा दुर्मीळ पक्षी घरटी करतो. त्याला उघडी, खडबडीत जमीन लागते. स्वयंसेवकांनी तिथल्या एका बेटावर वाळू, खडी आणि कालवांच्या शिंपल्यांचा चुरा नेऊन पसरला. शिंपल्यांचं टेकाड पाडणाऱ्यांच्या नातवंडांनी पाखरांसाठी शिंपले वाहावेत!

फ्रीमाँटजवळच्या कायोटी हिल्स उद्यानात आम्ही गेलो. फ्रीमाँटमध्ये मराठी माणसं भरपूर, त्यामुळे त्या पायवाटांवर 'अगं, टोपी घाल' अशी हाक सहज ऐकू येते. शीतयुद्धात इथं क्षेपणास्त्रांचा तळ होता. त्याच्या कितीतरी आधी तुईबुन ओलोनींचं गाव होतं, आणि ते टेकाड इथं सांभाळलं आहे. दलदलीत लव्हाळ्यासारखं टूली नावाचं गवत डुलत असतं. त्याच्याच होड्या आणि त्याचीच घरं. ही विद्या ओलोनी वंशजांच्या सोबतीने इथं येणाऱ्यांना दाखवली जाते.

दाखवणं ठीक, जमिनीचं काय? २०१२ मध्ये ओकलंडच्या आदिवासी स्त्रियांनी 'सोगोरिया ते' नावाचा भूमी-न्यास काढला आणि एक नवीच पट्टी सुरू केली: शूमी. चोचेन्यो भाषेत शूमी म्हणजे भेट. कायद्याची सक्ती नाही. पण रक्कम कशी ठरते? घर मालकीचं की भाड्याचं आणि झोपायच्या खोल्या किती, यावर! २०२२ मध्ये ओकलंड शहराने आपल्या एका उद्यानातली पाच एकर जागा ओलोनींकडे सोपवायचं ठरवलं. २०२४ च्या मार्चमध्ये बर्कलीच्या शिंपल्यांच्या टेकाडाची जागा २ कोटी ७० लाख डॉलरला विकत घ्यायचा निर्णय झाला. त्यातले २ कोटी ५५ लाख न्यासाने उभे केले, त्यात एका प्रतिष्ठानाची मोठी देणगी होती. उरलेले शहराने दिले. ती जागा म्हणजे वाहनतळ. खाली टेकाडाचे अवशेष, वर डांबर. आपलंच स्मशान बाजारभावाने विकत घ्यावं लागणं हे काही मला पचलं नाही. मुलीला तसं बोललोही.

ती म्हणाली, "बाबा, आपण तर भाडेकरू. आपला काय संबंध?"

मी म्हटलं, "चाकरमानी तरी गावात कुठं राहतो?"

त्यावर ती काही बोलली नाही. रात्री जेवणं झाल्यावर जावयाने विचारलं, "बैठकीची खोली यात धरायची का हो?" धरायची नव्हती. दोन खोल्या, भाड्याच्या. पावती ई-मेलने आली.