जमिनीवरच्या आमरी : अभ्यासाला येणाऱ्यांसाठी

आमरी म्हटली की बहुतेकांना फांदीवरून लोंबणारी सीतेची वेणी आठवते, नाहीतर लग्नाच्या स्टेजवरची जांभळी फुलं. इथे विषय तिसराच आहे. कसारा लोकलने खर्डीच्या पुढे उंबरमाळीला उतरावं आणि श्रावण-भाद्रपदात माळावर चालू लागावं. गवतातून एखादा हिरवा दांडा वर आलेला असतो, त्यावर पांढरी फुलं आणि प्रत्येक फुलामागे खाली लोंबणारी बारीक नळी. ही हॅबेनारिया. शहापूर-मुरबाडच्या माळांवर, माहुलीच्या उतारांवर, नाणेघाट-माळशेजच्या कडेकपारींत जमिनीवर उगवणाऱ्या आमरींची ओळख तिच्यापासून करून घेतलेली बरी.

लांब सोंडेच्या हॅबेनारियाची, म्हणजे हॅबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटाची, नळी दहा सेंटिमीटरहून लांब भरते. मध अगदी तळाशी. ती फुलं पांढरी आणि रात्री दरवळणारी, म्हणजे गिऱ्हाईक कोण ते उघड आहे : लांब सोंडेचा निशाचर पतंग. टोक काढलेली पेन्सिल हलक्या हाताने फुलाच्या तोंडात घालून बाहेर काढा; टोकाला पिवळे परागपिंड चिकटून येतात. डार्विनने १८६२ साली आमरींवरचं पुस्तक लिहिलं ते असल्याच साध्या प्रयोगांच्या बळावर. हा प्रयोग एकाच फुलावर करावा आणि पुढच्या वाटेला लागावं.

पावसाळ्याचं वेळापत्रक इथे नक्षत्रांवरच लावणं सोयीचं. मृगाच्या आगेमागे नर्विलियाचं फूल येतं, तेही पानाशिवाय. पान मागाहून उगवतं. म्हणून फूल आणि पान एकाच झाडाचं आहे हे नवख्याच्या ध्यानात येत नाही. त्याच सुमारास रानाच्या सावलीत जिओडोरमचा तुरा मान खाली घालून फुलतो आणि फळ धरलं की सरळ उभा राहतो. जमिनीला चिकटलेल्या गोल पानाची हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस जून-जुलैत येते. एका बाजूला ओळीने फुलं लावणारी, ‘टूथब्रश ऑर्किड’ म्हणून ओळखली जाणारी हॅबेनारिया हेनिआना पावसाच्या उत्तरार्धातली. दिवाळीपर्यंत बहुतेकींचा वरचा भाग वाळून जातो. मग सात-आठ महिने जमिनीखाली फक्त कंद उरतो. माळ तापतो, वणवा वरून जातो, कंद आत सुरक्षित असतो. युरोपातल्या बागाईतदारांची सिप्रिपेडियम किंवा डॅक्टिलोऱ्हायझा बर्फ सोसते याचं मोठं कौतुक होतं. आमच्या आमरींनी सोसलेला उन्हाळा काही कमी नाही.

एवढी काटक वनस्पती कुंडीत का मरते, असा प्रश्न मग येतोच. हॅबेनारियाला फूल असतं तेव्हा जमिनीत दोन कंद असतात : एक गेल्या सालचा, रिकामा होत चाललेला, दुसरा पुढच्या सालासाठी अजून भरतो आहे. फूल पाहून झाड उपटणारा नेमक्या याच वेळी उपटतो. शिवाय आमरीचं बी धुळीसारखं बारीक, त्यात साठवणीचं अन्न जवळपास नाहीच. मातीतल्या ठरावीक बुरशीने पोसलं तरच ते रुजतं. नोएल बर्नार या फ्रेंच अभ्यासकाने १८९९ मध्ये हे दाखवलं. कुंडीतल्या मातीत ती बुरशी असेलच असं नाही. बागेत जमिनीवरची आमरी हवी असेल, तर नर्सरीतली स्पॅथोग्लॉटिस आणावी. ‘ग्राउंड ऑर्किड’ म्हणून मिळते, आपल्या हवेत बिनतक्रार फुलते. माळावरची माळावरच बरी.

या विषयाला मुंबईत जुनी परंपरा आहे. डाल्झेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ चा, कुक यांचा ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा. पुढे ब्लॅटर आणि मॅककॅन, आणि १९६६ मध्ये सांतापाव आणि कापडिया यांचं ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’. यांतलं बरंचसं काम वाळवलेल्या नमुन्यांवर उभं आहे. जाती ओळखायला ते आजही लागतं. पण गवत केव्हा कापलं, त्याआधी बोंडं फुटली होती का, वणव्यानंतरच्या पावसाळ्यात किती दांडे आले, हे नमुन्याच्या कागदावर नसतं. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी घरांतल्या जाणत्यांना कंदांची पारख असते. युलोफियाचे कंद अमरकंद म्हणून खाण्यात आणि औषधात आहेत. शहापूर-मुरबाडचं गवत मुंबईच्या तबेल्यांना जात आलं आहे, त्यामुळे कापणीच्या तारखाही इथल्या माणसांना तोंडपाठ. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने आधी त्यांच्याजवळ बसावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

काम निकडीचं आहे. माळ ‘पडीक’ म्हणून नोंदला जातो. मग मुरूम काढायला, फार्महाऊसचे प्लॉट पाडायला कुणाची हरकत राहत नाही. झाडं तोडली तर ओरड होते, गवत गेलं तर होत नाही.

तेव्हा नव्या अभ्यासकाला विनंती एवढीच : घराजवळचा एकच माळ धरा आणि दरवर्षी त्याच जागी जा. तारीख, पाऊस, कापणी, फुलांचे दांडे, धरलेली बोंडं लिहा. पानाचा आणि फुलामागच्या नळीचा फोटो घ्या, कंद उकरू नका, नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. काही कंद एखाद्या वर्षी वर येतच नाहीत. ज्या साली काहीच दिसलं नाही, त्या सालची नोंदही तारखेसह वहीत असू द्या.