उतावीळ प्रेमनिर्णय (नाट्यविषय)

उतावीळ प्रेमनिर्णय हा नाट्यवाङ्मयातील एक प्राचीन कथाघटक आहे. घराण्याच्या वा राजसत्तेच्या विरोधामुळे तरुण प्रेमिक गुप्त विवाह, पलायन, वेषांतर किंवा आत्मघात यांचा निर्णय घाईने घेतात आणि कथानक अनर्थाकडे वळते. विल्यम शेक्सपिअरचे 'रोमिओ आणि ज्युलिएट' (सुमारे १५९५) हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. भारतीय परंपरेत त्याच्या सर्वांत जवळ जाणारे नाटक भवभूतीचे 'मालतीमाधव' (इ.स. आठवे शतक) असून त्याचे धागे वऱ्हाडाशी जुळतात.

'रोमिओ आणि ज्युलिएट'मधील कालावकाश

आर्थर ब्रुकच्या १५६२ मधील ज्या काव्यावर हे नाटक आधारलेले आहे, त्यात कथा काही महिने चालते. शेक्सपिअरने ती चार-पाच दिवसांत आणली. रविवारी रात्री भेट, सोमवारी विवाह आणि त्याच दिवशी रोमिओच्या हातून टिबॉल्टचा वध. ज्युलिएटला चौदावे वर्षही पूर्ण झालेले नाही. तथापि शोकांताचे सारे खापर प्रेमिकांच्या घाईवर फोडता येत नाही. ज्युलिएटचा बाप तिच्या दुसऱ्या लग्नाची तिथी एक दिवस अलीकडे आणतो; साथीच्या संशयावरून निरोप्या कोंडला जातो आणि बेचाळीस तासांच्या गुंगीचे रहस्य सांगणारे पत्र रोमिओला मिळतच नाही.

मालतीमाधव

या दहा अंकी प्रकरणाचा नायक माधव हा विदर्भराजाचा अमात्य देवरात याचा पुत्र. तो कुंडिनपुराहून पद्मावती नगरीत अध्ययनासाठी आलेला आहे. वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर (अमरावती जिल्हा) म्हणजेच प्राचीन कुंडिनपूर, असे सामान्यतः मानले जाते. भवभूती स्वतःही विदर्भातील पद्मपूरचा.

मालती आणि माधव यांच्या पित्यांनी विद्यार्थिदशेतच मुलांच्या विवाहाचे वचन परस्परांना दिलेले असते. परंतु पद्मावतीच्या राजाला मालती आपल्या मर्जीतील नंदनास द्यावयाची असते. दुसऱ्या अंकात बौद्ध परिव्राजिका कामंदकी शकुंतला, उर्वशी व वासवदत्ता यांची उदाहरणे मालतीसमोर ठेवते आणि असले साहस सांगण्याजोगे नव्हे, असेही लगेच जोडते. नको म्हणत सुचवण्याची ही तऱ्हा मोठी मार्मिक आहे. मालती मात्र कुलमर्यादा मोडण्यास सहज तयार होत नाही. अविचार अधिक घडतो तो माधवाकडून. निराश होऊन तो पिशाच्चांना नरमांस अर्पण करण्यासाठी स्मशानात जातो. तेथेच बळी दिल्या जाणाऱ्या मालतीला तो सोडवतो व अघोरघंटाला ठार करतो. त्याची शिष्या कपालकुंडला पुढे या वधाचा सूड म्हणून मालतीला पळवून नेते.

शेवटच्या दोन अंकांत नाटक शोकांताच्या अगदी कडेला येते. माधव मूर्च्छित पडतो, त्याचा मित्र मकरंद कड्यावरून उडी घ्यावयास निघतो, मालतीचा पिता अग्निप्रवेशाची तयारी करतो. मृत्यू टळतो तो केवळ सौदामिनी ही योगिनी मालती जिवंत असल्याची खूण म्हणून बकुळमाला घेऊन वेळेवर पोहोचल्यामुळे. संस्कृत नाट्यपरंपरेला सुखान्त अभिप्रेत असल्याने हा शेवट अनपेक्षित नाही. पण निरोप पोहोचला नसता तर व्हेरोनातील थडग्याहून निराळे काही घडले नसते.

रुक्मिणीचे पत्र

कुंडिनपूरच्याच रुक्मिणीची कथा भागवताच्या दशम स्कंधात येते. भाऊ रुक्मी तिला शिशुपालास देऊ पाहतो, तेव्हा ती ब्राह्मणाकरवी कृष्णाला पत्र पाठवते आणि तो न आल्यास प्राणत्याग करण्याचा निश्चय कळवते. येथेही निरोप पोहोचतो. रुक्मिणीहरण आपल्याच देवळाजवळून झाले, असे कौंडिण्यपूर आणि अमरावतीची अंबादेवी या दोन्ही ठिकाणी सांगितले जाते. याच जिल्ह्यातील रिद्धपूर येथे महदंबेने रचलेल्या धवळ्यांचा विषयही हाच विवाह आहे.

मराठी अनुवाद

'मालतीमाधव' एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री राजवाडे यांनी मराठीत आणले. 'रोमिओ आणि ज्युलिएट'चा अनुवाद मंगेश पाडगावकर यांनी केला आहे.