काळ्या तुकड्याची गोष्ट: जुन्या पेट्रोल ट्रॅक्टरची ठिणगी

अमेरिकेतील जुन्या शेतघरांत आजही फोर्ड ८एन हा छोटा ट्रॅक्टर चालू स्थितीत सापडतो. १९४७ ते १९५२ या काळात बनलेला. त्याच्या डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडले, तर पुष्कळदा आत मूळ पॉइंट नसतात. त्यांच्या जागी एक काळा, सीलबंद तुकडा बसवलेला असतो. तो तेथे कसा पोहोचला, याविषयी हा धागा.

आपल्याकडे ट्रॅक्टर म्हटला की डिझेलच डोळ्यांपुढे येते. डिझेल इंजिनात दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. पेट्रोल इंजिनाला मात्र ठिणगी हवी, आणि तीही नेमक्या क्षणी.

आरंभी हे काम मॅग्नेटो करी. १९०२ साली बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. त्याला बॅटरी लागत नसे; फिरत्या यंत्रातूनच वीज निर्माण होई. शेतावर ही सोय मोठी होती. उणीव एवढीच, की हँडल मारताना इंजिन सावकाश फिरे आणि ठिणगी दुबळी पडे. ठिणगी वेळेआधी पडली, तर हँडल उलटे फिरून मनगट मोडण्याची भीती असे.

दुसरी वाट चार्ल्स केटरिंग यांची. त्यांची बॅटरी-कॉइलची योजना कॅडिलॅक मोटारीने १९१० च्या सुमारास स्वीकारली. पॉइंट मिटले की कॉइलमध्ये प्रवाह वाहतो; ते उघडताच चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होऊन प्लगवर ठिणगी पडते. जुन्या बुलेटचे पॉइंट घासलेल्या कोणालाही हे प्रकरण परिचित असेल.

फोर्डच्या १९३९ च्या ९एन ट्रॅक्टरवर हीच रचना आली. पण १९४२ साली युद्धामुळे रबर आणि तांबे दुर्मीळ झाले, तेव्हा नव्या २एनचे काही नग लोखंडी चाके आणि मॅग्नेटो घेऊन बाहेर पडले. टंचाई ओसरताच बॅटरी परतली. तंत्रज्ञान सरळ रेषेत पुढेच जाते असे मानणाऱ्यांनी हा ट्रॅक्टर अवश्य पाहावा.

पॉइंट झिजतात, त्यांवर खड्डे पडतात, फट बदलते आणि फटीबरोबर ठिणगीची वेळही सरकते. सुरुवातीच्या ८एनवर ही फट ०.०१५ इंच ठेवावी लागे, आणि डिस्ट्रिब्युटर होता इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी, पंख्यामागे! तेथे हात पोहोचत नसल्याने दोन बोल्ट काढून तो संपूर्ण बाहेर घ्यावा लागे. १९५० मध्ये कंपनीने तो बाजूला आणला.

एडविन हॉल यांनी १८७९ साली दाखवले होते, की वाहकातून प्रवाह जात असताना चुंबकीय क्षेत्र आडवे आले, तर वाहकाच्या बाजूंमध्ये सूक्ष्म दाब निर्माण होतो. या काळ्या तुकड्यात बहुधा हाच परिणाम राबतो. दांड्यावरच्या कड्यातील चुंबक समोरून गेले, की तो कॉइलचा प्रवाह तोडतो. स्पर्श नाही, म्हणून झीज नाही. अमेरिकी मोटारींत इलेक्ट्रॉनिक इग्निशन १९७० च्या दशकात रुळले; पण तोवर नवे मोठे ट्रॅक्टर डिझेलवर गेले होते. त्यामुळे पेट्रोल ट्रॅक्टर आणि हा शोध यांची गाठ कारखान्यात पडली नाही. ती पडली मालकांच्या गोठ्यांत आणि पडव्यांत, काही दशकांनी.

ही गाठ सोपी नव्हती. ८एनची मूळ वायरिंग ६ व्होल्टची, आणि बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले. आजच्या मोटारींच्या नेमके उलट. तारा चुकीच्या जोडल्या, तर तुकडा क्षणात जळू शकतो. म्हणून बसवण्यापूर्वी व्होल्ट आणि टोके तपासूनच जुळणारा संच घ्यावा लागतो. १२ व्होल्टवर जाणाऱ्यास कॉइलही बदलावी लागते किंवा रेझिस्टर घालावा लागतो.

जुनी यंत्रे जपणाऱ्यांत यावर वाद होतो. माझ्या मते, कामावर असलेल्या ट्रॅक्टरवर हा बदल करायला हरकत नाही; मात्र काढलेला प्रत्येक भाग जपावा. मॅग्नेटोवाला २एन त्याच्या मूळ रूपात उरला नसता, तर त्या टंचाईचा एक साक्षीदार आपण गमावला असता. शिवाय व्यवहारही तेच सांगतो. पॉइंट बिघडले तर बांधावर बसून कानशीने घासता येतात. काळा तुकडा गेला की गेलाच. म्हणूनच जाणते मालक जुने पॉइंट आणि कंडेन्सर फडक्यात गुंडाळून हत्यारांच्या पेटीत ठेवतात.